'रेड पिल': एकाच लाल गोळीचे दोन उलटे अर्थ कसे झाले?

नेटफ्लिक्सवर मार्च २०२५ मध्ये आलेली 'अ‍ॅडोलसेन्स' ही ब्रिटिश मालिका तुम्ही पाहिली असेल. १३ वर्षांच्या एका मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप असतो. तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला त्याचाच शाळकरी मुलगा बाजूला घेतो. बाबा, इन्स्टाग्रामवरच्या त्या इमोजींचा अर्थ तुम्हाला कळलेलाच नाही, असं त्याला सांगायचं असतं. बोलता बोलता विषय 'रेड पिल'वर येतो.

मालिकेनंतर ब्रिटनमध्ये मोठी चर्चा झाली. ती माध्यमिक शाळांमध्ये दाखवण्याची सोयही करण्यात आली. पण ही लाल गोळी मुळात आली कुठून? आणि जे मीम बायकांवर राग काढायला वापरलं जातं, तेच मीम ट्रान्स लोकांना आपलं का वाटतं?

गोळी आली कुठून?

३१ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत 'द मेट्रिक्स' हा विज्ञानपट प्रदर्शित झाला. दिवसा ऑफिसात प्रोग्रॅमिंग आणि रात्री हॅकिंग करणाऱ्या एका तरुणाला सतत वाटत असतं, की या जगात काहीतरी चुकतंय. मॉर्फियस त्याच्यासमोर दोन गोळ्या धरतो. निळी घेतली तर जुनं आयुष्य जसंच्या तसं. लाल घेतली तर सत्य समोर येणार. हे जग म्हणजे यंत्रांनी माणसांच्या डोक्यात चालवलेला आभास आहे, हे ते सत्य.

हा प्रसंग मीमसाठी अगदी सोयीचा होता. दोन रंग, एक निवड आणि 'मला कळलंय, तुम्हाला नाही' ही ऐट.

इंटरनेटवर तिचं काय झालं?

२०१२ मध्ये रेडिटवर 'द रेड पिल' नावाचा गट सुरू झाला. समाज बायकांच्या बाजूने झुकलेला आहे, पुरुषांना फसवलं जातंय आणि हे ज्याला उमगलं त्याने लाल गोळी घेतली, अशी तिथली मांडणी होती. सप्टेंबर २०१८ मध्ये रेडिटने या गटावर निर्बंध घातले. आत जाण्याआधी इशारा दिसू लागला. पण तोवर शब्द बाहेर पडला होता. 'ब्लॅक पिल'ही आली होती. तिचा अर्थ, आता काहीच बदलणार नाही.

१७ मे २०२० रोजी इलॉन मस्क यांनी लाल गोळी घ्या, असं ट्वीट केलं. इवांका ट्रम्प यांनी आपण ती घेतल्याचं उत्तर दिलं. त्यावर 'मेट्रिक्स'च्या सहदिग्दर्शक लिली वाचोव्स्की यांनी दोघांनाही चक्क शिवी हासडली.

ट्रान्स प्रेक्षकांना काय दिसलं?

लिली आणि लाना या दोघी बहिणी ट्रान्स महिला आहेत. लाना यांनी २०१२ मध्ये, तर लिली यांनी २०१६ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं.

त्यानंतर अनेकांनी सिनेमा नव्याने पाहिला. नायकाला दोन नावं आहेत. जगाने दिलेलं अँडरसन आणि त्याने स्वतः निवडलेलं निओ. एजंट स्मिथ हट्टाने त्याला 'मिस्टर अँडरसन' म्हणत राहतो. जुन्या नावाने मुद्दाम हाक मारली जाण्याचा अनुभव असलेल्या ट्रान्स प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. चाहत्यांनी आणखी एक धागा जोडला. त्या काळी अमेरिकेत ट्रान्स महिला घेत असलेली इस्ट्रोजेनची एक प्रचलित गोळीही लालसर रंगाची होती.

ऑगस्ट २०२० मध्ये लिली यांनी सांगितलं, की ट्रान्स रूपक हा सिनेमामागचा मूळ हेतूच होता. स्विच हे पात्र खऱ्या जगात पुरुष आणि मेट्रिक्समध्ये स्त्री असणार होतं. पण लिहिताना हे सगळं आपल्या मनात नेमकं किती जागं होतं, ते ठामपणे सांगता येत नाही, असंही त्या म्हणाल्या.

मग विषय संपला का?

दिग्दर्शिकेनेच अर्थ सांगितला म्हणजे वाद मिटला, असं वाटू शकतं. पण फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्येच लेखकाच्या 'मृत्यू'ची कल्पना मांडली होती. कलाकृती लोकांपुढे गेली की तिच्या अर्थावर लेखकाची मक्तेदारी उरत नाही, असा त्याचा आशय. क्वीअर समीक्षेला याचाच आधार मिळाला. जी गोष्ट आपल्यासाठी लिहिली गेली नाही असं वाटतं, तिच्यातही आपल्याला जागा शोधता येते. पण हेच तत्त्व रेडिटवरच्या त्या गटालाही लागू होतं.

२०२१ च्या 'मेट्रिक्स रिसरेक्शन्स'मध्ये लाना यांनी यावरच चिमटा काढला आहे. त्यात एका कंपनीच्या बैठकीत मंडळी 'मेट्रिक्स' नेमका कशाबद्दल आहे, यावर आपापलं घोडं दामटत असतात.

मग फरक कसा करायचा? इथे अमेरिकन अभ्यासक ईव्ह सेजविक कामी येतात. क्वीअर सिद्धांताच्या पायाभरणीत त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी वाचनाच्या दोन पद्धती सांगितल्या. पहिली संशयी. प्रत्येक गोष्टीमागे कट शोधायचा, मुखवटा ओढायचा, कशानेही चकित व्हायचं नाही. दुसरी सावरणारी. समोरच्या गोष्टीतून जगायला बळ देणारं काय मिळतं, ते शोधायचं. विशेष म्हणजे त्यांचा रोख विरोधकांवर नव्हता. आपल्याच क्षेत्रातले अभ्यासक संशयाच्या आहारी गेलेत, असं त्या म्हणत होत्या.

रेड पिल मीम हे संशयी वाचनाचं टोक आहे. तिथे नकार मिळाला तरी तो पुरावा आणि होकार मिळाला तरी तोही पुरावाच. 'खरा अर्थ ट्रान्सच, बाकी सगळे झोपलेले' असं म्हणून आपण उत्तर दिलं, तर आपणही तीच गोळी चघळत असतो.

मीममध्ये काय गळालं?

म्हणून प्रश्न असा विचारावा, की या वाचनात सिनेमातलं किती उरतं?

गोळी घेतल्यावर निओ मोठा हुशार होत नाही. तो आधी अशक्त होतो. कधीच न वापरलेले डोळे दुखतात, स्नायू चालत नाहीत. अनोळखी माणसं त्याची शुश्रूषा करतात, त्याला आपल्यात घेतात. शेवटी तो जिवंत होतो तो ट्रिनिटीच्या प्रेमाने.

कडवट झालेला पुरुषही सिनेमात आहे. त्याचं नाव सायफर. त्यानेही लाल गोळी घेतलेली असते. आपल्याला फसवलं, असं त्याला वाटतं. ट्रिनिटीवर त्याचं एकेकाळी प्रेम होतं, पण तिने निवडलं दुसऱ्याला. शेवटी तो सोबत्यांनाच यंत्रांच्या हवाली करतो. रेड पिलच्या गटांत शिकवला जाणारा राग सिनेमात आधीच होता, पण तो निओच्या नव्हे, सायफरच्या तोंडी.

ट्रान्स वाचनात ती शुश्रूषा, ते नाव आणि ते सोबती जागच्या जागी राहतात. मीममध्ये फक्त गोळी उरते.

हे कळून उपयोग काय?

उद्या तुमच्या घरातला चौदा वर्षांचा मुलगा 'अल्फा', 'सिग्मा', 'रेड पिल' असं बोलू लागला, तर 'तुला सिनेमाच कळला नाही' असं म्हणून भागणार नाही. असं म्हणणारा झोपेत असतो, हे त्याला आधीच शिकवलेलं असतं. त्याचा एकटेपणा मात्र खरा असू शकतो.

त्यापेक्षा सिनेमा त्याच्याबरोबर बसून पाहा. मग विचारा, गोळी घेतल्यावर निओला माणसं मिळाली आणि सायफर एकटा पडला. तुझ्या फीडवरचे हे लोक तुला कुणाकडे नेतायत?