टॅमी आधी गायली

ती रील तुम्हीही पाहिली असणार. काळ्या-पांढऱ्या फोटोत एक देखणा पुरुष, त्याच्याकडे बघून हसणारी एक तरुणी, मागे वेग मुद्दाम कमी केलेलं गाणं, आणि स्क्रीनवर एकेक करून उमटणारी वाक्यं. दोघं स्टेजवर प्रेमगीत गात होते. ती अचानक त्याच्या मिठीत कोसळली. तीन वर्षांत ती गेली. तो कधीच सावरला नाही. खाली तुटलेल्या हृदयांची रांग आणि 'हल्ली असं प्रेम उरलं नाही' म्हणणारी मंडळी.

घटना खरी आहे. १४ ऑक्टोबर १९६७ रोजी व्हर्जिनियातल्या हॅम्पडेन-सिडनी कॉलेजमधल्या कार्यक्रमात टॅमी टेरेल गाता गाता कोसळली आणि मार्विन गेने तिला सावरलं. तिच्या मेंदूत गाठ होती. पुढे एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि १६ मार्च १९७० रोजी ती गेली. वय वर्षं २४.

माझं भांडण घटनेशी नाही. त्या घटनेच्या जोरावर जे विकलं जातं, त्याच्याशी आहे. 'युनायटेड' हा या दोघांचा पहिला अल्बम ऑगस्ट १९६७मध्ये आला, म्हणजे ती कोसळण्याच्या आधी. त्यातली गाणी गायली जात असताना कुणालाही काहीही माहीत नव्हतं. तरी आपण ती ऐकतो ते शोकसभेला आल्यासारखं. साठ वर्षं होत आली तरी हा अल्बम टिकून आहे, कारण त्यामागे मृत्यू आहे, हे इतक्यांदा सांगून झालंय की ते आता कुणी तपासूनही बघत नाही. मराठीत याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात. थोडं लोणी मीही खाल्लंय. ती रील मी तिघांना फॉरवर्ड केली होती.

नंतर कधीतरी हे गाणं नेमकं रेकॉर्ड कसं झालं ते वाचलं आणि चपराक बसल्यासारखं झालं.

'एन्ट नो माउंटन हाय इनफ' तुम्हाला ठाऊक आहेच. नाव आठवत नसेल तर 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' आठवा, २०१४चा. शेवटी आईने ठेवलेल्या दुसऱ्या कॅसेटवर जे वाजतं, ते हेच. गाण्याची सुरुवात मार्विन करतो. तो हाक देतो, मग टॅमी उत्तर देते, मग दोघं एकमेकांच्या ओळी ओढून घेऊ लागतात. ऐकणाऱ्याला वाटतं, एका माइकसमोर एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभी आहेत. प्रत्यक्षात टॅमी एकटी होती. समोर हार्वी फुक्वा आणि जॉनी ब्रिस्टल हे निर्माते. शब्दांचा नीट सराव झालेला नव्हता, तिला दडपण आलं होतं. ती तिचा भाग गाऊन निघून गेली. मार्विनचा आवाज त्यावर नंतर चढवला गेला.

म्हणजे उत्तर आधी रेकॉर्ड झालं आणि हाक नंतर.

यावर जरा थांबा. आपल्याला वाटतं, तो पुढाकार घेतो आणि ती प्रतिसाद देते. मांडणी तशीच आहे, प्रेमगीतांची सवयही तशीच. पण स्टुडिओत पहिलं पाऊल तिचं होतं. कुणी हाक मारलेली नसताना तिने उत्तर दिलं आणि त्या उत्तरात इतका जीव ओतला की नंतर आलेल्या मार्विनला त्या उंचीला पोचणं भाग पडलं. आता हेडफोन लावून पुन्हा ऐका. त्याचा आवाज तिच्या आवाजाच्या मागे धावतोय हे जाणवेल. ती जिथे हसरी होते तिथे तो सैल होतो, ती जिथे रेटते तिथे तोही रेटतो. पुढे सूरच एक पायरी वर सरकतो, आणि खाली जेम्स जेमर्सनचा बेस असा चालतो की जणू गाण्यातलं तिसरं माणूस तोच. सगळं मिळून अडीच मिनिटं.

मराठीत ड्युएटला दोन शब्द आहेत, युगुलगीत आणि द्वंद्वगीत. पहिला कानाला गोड लागतो, म्हणून तोच जास्त चालतो. पण युगुल म्हटलं की जोडपं आलं, आणि जोडपं म्हटलं की 'त्यांचं खरंच काही होतं का' हा प्रश्न आलाच. द्वंद्वात दोघं समोरासमोर येतात, बरोबरीने. 'युनायटेड'ला मी हट्टाने द्वंद्वगीतांचा अल्बम म्हणतो.

'त्यांचं खरंच काही होतं का' या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा आहे. मार्विन तेव्हा विवाहित होता. त्याची बायको ॲना ही मोटाऊन कंपनीच्या मालकाची, बेरी गॉर्डीची बहीण. टॅमीचं आयुष्य वेगळ्या माणसांत गुंतलेलं होतं. हे कळल्यावर अनेकांचा चेहरा पडतो, जणू फसवणूक झाली. आणि ही तक्रार आपण करावी? पार्श्वगायनावर वाढलेल्या लोकांनी? पडद्यावर प्रेम करणारे वेगळे, गाणारे वेगळे, लिहिणारा तिसराच, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात रॉयल्टीवरून वाजलं आणि काही वर्षं ते एकत्र गायलेच नाहीत. म्हणून त्यांच्या प्रेमगीतांवर कुणी खोटेपणाचा आरोप केला नाही. खुद्द 'युनायटेड'मध्ये 'समथिंग स्टुपिड' आहे. त्याच वर्षी ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं होतं फ्रँक आणि नॅन्सी सिनात्रा यांनी. बाप आणि लेक! प्रेमगीत! (मार्विन-टॅमीची आवृत्ती मला तरी बेतास बात वाटते. अल्बममधली बाराच्या बारा गाणी थोर आहेत असं माझं म्हणणं नाही.)

'होल्ड मी ओ माय डार्लिंग' आणि 'टू कॅन हॅव अ पार्टी' ही तर मुळात टॅमीने एकटीने गायलेली गाणी. त्यांच्यावर मार्विनचा आवाज नंतर बसवून त्यांची द्वंद्वगीतं केली. डेट्रॉइटमधल्या त्या घरवजा स्टुडिओत अशी जोडणी नेहमीची होती. बेरी गॉर्डी गाणी विकायला लागण्याआधी मोटारींच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम करायचा आणि गाणी बनवण्याची पद्धत त्याने तिथूनच उचलली. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाजवायचं, तिसऱ्याने गायचं, आणि आठवड्याला बैठक घेऊन कुठलं गाणं बाजारात जाईल ते ठरवायचं. मार्विनची जोडीदारीणही अशीच बदलत गेली होती. १९६४मध्ये मेरी वेल्स, मग किम वेस्टन, मग टॅमी. कंपनीच्या हिशेबात ती तिसरी.

मग इतर दोघींबरोबरच्या अल्बमपेक्षा हाच का टिकला? माझं उत्तर सरळ आहे. टॅमीचं काम. आणि इथेच रीलवाल्यांचा मला सर्वाधिक राग येतो, कारण त्यांच्या कथेत टॅमी काम करतच नाही. ती हसते, कोसळते आणि मरते.

ती काय करत होती ते ऐका. फिलाडेल्फियाची थॉमसिना मॉन्टगोमेरी, जन्म १९४५. पंधराव्या वर्षी पहिला रेकॉर्डिंगचा करार. जेम्स ब्राऊनच्या ताफ्यात गात फिरली. मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात शिकायला गेली. विसाव्या वाढदिवशी मोटाऊनशी करार केला आणि गॉर्डीने तिला 'टेरेल' हे आडनाव दिलं. १९६५ आणि १९६६ मध्ये तिची स्वतःची सिंगल्स निघाली. 'युनायटेड' आला तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि या धंद्यात तिची सात वर्षं गेली होती. मोठ्या स्टारच्या सावलीत उभी राहिलेली नवखी पोर ती नव्हती. त्या काळी मार्विनला स्टेजवर उभं राहायची भीती वाटायची. त्या बुजऱ्या माणसाला लोकांसमोर मोकळं करायचं काम टॅमीने केलं. त्यांच्या जुन्या चित्रफिती बघा, कोण कुणाला सांभाळून घेतंय ते आवाज बंद करूनही कळतं.

दुसरी मंडळी जरा शहाणी आहेत. ती रील बनवत नाहीत, लेख लिहितात. त्यांच्या मते हा अल्बम म्हणजे गोड, निरुपद्रवी प्रकरण, मार्विनच्या 'खऱ्या' कामाआधीची एक पायरी. टॅमी गेली, तो खचला आणि त्या दुःखातून १९७१चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' जन्माला आला. कशी रेखीव गोष्ट आहे! बाई मरते, पुरुष थोर होतो. पण ते शीर्षकगीत मुळात सुचलं फोर टॉप्समधल्या ओबी बेन्सनला, १९६९मध्ये बर्कलीत निदर्शकांना पोलिसांची मारहाण होताना पाहून. त्याला ॲल क्लीव्हलँडची जोड मिळाली, मग ते मार्विनकडे आलं. त्यात मार्विनच्या व्हिएतनामहून परतलेल्या भावाचे अनुभव मिसळले. मार्विन टॅमीच्या जाण्याने कोसळला होता, यात शंका नाही. पण एका गायिकेचं मरण म्हणजे दुसऱ्याच्या अल्बमचा कच्चा माल, असं लिहिताना यांची बोटं अडखळत कशी नाहीत?

आणि 'निरुपद्रवी' म्हणजे काय हो? २३ जुलै १९६७ रोजी डेट्रॉइट पेटलं. पोलिसांनी एका बेकायदा बारवर धाड घातली, तिथून सुरू झालेलं लोण पाच दिवस चाललं. रस्त्यांवर रणगाडे आले, ४३ माणसं मेली. महिनाभराने त्याच शहरातून हा अल्बम बाहेर पडला. त्यात त्या दंगलीबद्दल अवाक्षर नाही, आणि ते आहे असं मी ओढूनताणून सांगणार नाही. पण दोन काळी तरुण माणसं एकमेकांशी आदराने, खट्याळपणे, बरोबरीच्या नात्याने बोलतायत, आणि ते अख्ख्या अमेरिकेच्या रेडिओवर वाजतंय, याला त्या उन्हाळ्यात काहीच वजन नव्हतं असं म्हणायला मी तयार नाही. 'इफ धिस वर्ल्ड वेअर माइन' हे मार्विनने स्वतः लिहिलेलं संथ गाणं घ्या. सगळं जग हातात असतं तर, ही कल्पना तशी कुठल्याही प्रेमकवितेतली. जळालेल्या शहरात ती ऐकणाऱ्याच्या कानात मात्र वेगळी वाजली असेल.

आता माझ्याच म्हणण्याला टाचणी लावणारी गोष्ट. वेगवेगळं गायलं तरी प्रेम खरं वाटतं, असं मी इतका वेळ सांगतोय. मग पूर्ण आवाजच दुसऱ्याचा असला तर? १९६९मध्ये या जोडीचा तिसरा अल्बम आला, 'ईझी'. टॅमी तेव्हा फार आजारी होती. मार्विनने पुढे आपला चरित्रकार डेव्हिड रिट्झ याला सांगितलं की त्यातला बराचसा आवाज टॅमीचा नाहीच, तो व्हॅलरी सिम्पसनचा आहे. सिम्पसन म्हणजे निकोलस ॲशफर्डबरोबर 'एन्ट नो माउंटन' लिहिणारी गीतकार. तिने हे साफ नाकारलं. आपण फक्त टॅमीला दिशा देण्यासाठी गाऊन ठेवलं होतं, गायली टॅमीच, असं तिचं म्हणणं.

दावा खरा धरला तर मला तो अल्बम आवडणं अवघड आहे, हे कबूल करतो. जोडणीला माझी हरकत नाही. पण जोडणीत माणूस नसला तरी यंत्र चालू ठेवायचं, नाव आणि चेहरा तिचा वापरायचा, हे मला पचत नाही. मेलेल्या गायकांचे आवाज आज ॲपमध्ये तयार होतायत, तेव्हा तर अजिबात नाही. दावा खोटा धरला तर गोष्ट आणखी वाईट आहे. आजारातून उठून, कुठल्या ताकदीने कोण जाणे, एका बाईने अख्खा अल्बम गायला, आणि तिचं ते शेवटचं काम आपण कित्येक वर्षं 'ती थोडीच गायली असणार' म्हणत दुसरीच्या खात्यावर टाकतोय. मी सिम्पसनवर विश्वास ठेवतो. जी स्वतः गाऊ शकत होती आणि श्रेय सहज घेऊ शकत होती, ती सांगतेय की श्रेय माझं नाही. यापलीकडे आणखी कुठला साक्षीदार हवा?

म्हणून माझी मागणी फार नाही. ती रील पुन्हा आली तर वर सरकवा. 'युनायटेड' पस्तीसेक मिनिटांचा आहे, ठाण्याहून दादरला लोकलमध्ये जाता जाता बराचसा होतो. एकदा फक्त टॅमीचा आवाज धरून ऐका, मार्विन आपोआप ऐकू येईल. मग 'इरेझिस्टिबल' शोधा. तिचा एकटीचा एकमेव अल्बम. १९६९च्या सुरुवातीला निघाला, तेव्हा ती इतकी आजारी होती की स्टेजवर जाऊन तो गाणं तिच्या नशिबात नव्हतं. त्यातली गाणी मात्र त्याआधीच्या तीन-चार वर्षांतली, धडधाकट, खणखणीत गळ्याची. पलीकडून उत्तर द्यायला कुणी नाही. कुणी यायची वाट बघतेय असंही तिच्या गाण्यातून वाटत नाही.