‘कधी कधी’ येणारी चूक

‘कधी कधी फाइल सापडत नाही.’ संगणकावर संशोधन करणाऱ्या मुलांकडून हे वाक्य हल्ली मी बरेचदा ऐकते. मी भाषेची शिक्षिका, त्यामुळे माझं लक्ष आधी ‘कधी कधी’वर जातं. मराठीत ‘अधूनमधून’ म्हणा, उर्दूत ‘कभी कभार’ म्हणा, या शब्दांतून यंत्राबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच की, चूक कोणत्या परिस्थितीत येते हे अजून कुणी पाहिलेलं नाही.

तरीही असं सांगणाऱ्या मुलाला सर्रास एकच सल्ला मिळतो: ‘पुन्हा चालवून बघ.’ तो पुन्हा चालवतो, या वेळी चालतं, आणि विषय संपतो. माझ्या मते हा सल्ला वाईट आहे, आणि विज्ञानात तर धोक्याचा आहे. का, ते एका उदाहरणातून सांगते.

माझी भाची रसायनशास्त्रात संशोधन करते. उर्दू माध्यमाच्या शाळेतून तिथवर पोहोचलेली, घरातली पहिलीच मुलगी. तिचं काम रेणूंच्या सिम्युलेशनचं. प्रथिनाचा रेणू पाण्यात कसा हलतो, कसा वळतो, हे संगणकावर पावलापावलानं काढायचं. एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचं, म्हणजे एका नॅनोसेकंदाची हालचाल पाहायला ५ लाख पावलं लागतात. ही गणितं ‘ग्रोमॅक्स’ नावाचा प्रोग्राम करतो. त्याची सुरुवात १९९०च्या दशकात नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात झाली. त्याला ‘प्लुमेड’ नावाचं प्लगइन जोडता येतं. रेणू एकाच खड्ड्यात अडकून बसू नये म्हणून, तो जिथे जाऊन आला तिथे प्लुमेड छोट्या छोट्या टेकड्या रचत जातं. हळूहळू खड्डा भरतो आणि रेणूला दुसरीकडे जावं लागतं. लायो आणि पारिनेल्लो यांनी २००२मध्ये मांडलेल्या या पद्धतीला मेटाडायनॅमिक्स म्हणतात. रचलेल्या प्रत्येक टेकडीची नोंद ‘हिल्स’ नावाच्या फाइलीत होते. काम लवकर व्हावं म्हणून अशी अनेक सिम्युलेशनं एकदम सोडता येतात. ती एकमेकांच्या हिल्स फाइली वाचतात आणि एकमेकांच्या टेकड्या आपल्या हिशेबात धरतात.

इथेच ‘कधी कधी’चा खेळ सुरू होतो. त्यामागची कारणं पाहिली की त्यात नशिबाचा काही भाग नाही, हे लक्षात येतं.

पहिलं कारण, वेगवेगळी खिडकी. ग्रोमॅक्सनं प्लुमेड कुठून उचलायचं हे अनेक ठिकाणी एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये सांगावं लागतं. ते एका टर्मिनलमध्ये सांगितलं म्हणून शेजारच्या टर्मिनलला कळत नाही. सकाळच्या खिडकीत चालणारं काम दुपारच्या खिडकीत अडतं ते यामुळे. फाइलीचा पत्ता अर्धवट दिला असेल तरी तसंच होतं. तुम्ही कोणत्या फोल्डरमध्ये उभे राहून आज्ञा दिली, यावर सगळं ठरतं.

दुसरं कारण, मोजणी. जुनी फाइल पुसली जाऊ नये म्हणून ग्रोमॅक्स तिची प्रत बाजूला ठेवून नवी लिहितं. पण एका फाइलीच्या ९९ प्रती झाल्या की मूळ मांडणीप्रमाणे ते पुढे जायला नकार देतं. काही बदललं नाही, कालपर्यंत चालत होतं, आणि आज बंद! बदल झालेला असतोच, फक्त तो मोजणीत असतो.

तिसरं कारण, अनेक यंत्रांची सामायिक डिस्क. क्लस्टरमध्ये फाइली बहुधा एका सर्व्हरवर असतात आणि बाकीची यंत्रं नेटवर्कवरून त्या पाहतात. दर वेळी सर्व्हरला विचारत बसण्यापेक्षा प्रत्येक यंत्र फाइलीची माहिती थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतं. एनएफएस या प्रचलित पद्धतीत ही मुदत सहसा ३ ते ६० सेकंदांची असते. ‘अशी फाइल नाही’ हे उत्तरसुद्धा ते काही काळ धरून ठेवू शकतं. म्हणजे एका यंत्रानं फाइल तयार केलेली असते आणि दुसरं यंत्र शपथेवर सांगत असतं की ती नाही. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक!

भाचीचं दुखणं या तिसऱ्या प्रकारातलं होतं. पण ते कळायला तिला दोन महिने लागले, कारण प्रयोगशाळेतले सगळे ‘पुन्हा सोड’ म्हणत होते. ‘खाला, माझ्याच कामाला हे का होतं?’ असं ती फोनवर विचारायची. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांमध्ये बसलेल्या मुलीच्या मनात या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार असतं: मलाच जमत नाही. यंत्राची अर्धवट सांगितलेली चूक अशी माणसाच्या माथी बसते. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो.

शेवटी तिनं वही घातली. तारीख, वेळ, कोणतं यंत्र, कोणतं फोल्डर, स्क्रीनवर आलेला संदेश अक्षरशः जसाच्या तसा, आणि मागच्या खेपेपेक्षा काय बदललं. टिपण उर्दूत उजवीकडून, फाइलींची नावं इंग्रजीत डावीकडून. सतरा-अठरा नोंदी झाल्यावर एक रकाना बोलू लागला: सगळी सिम्युलेशनं एकाच यंत्रावर गेली की काम सुरळीत, वेगवेगळ्या यंत्रांवर विखुरली की चूक. त्या दिवशी ‘कधी कधी’ हा शब्द तिच्या वहीतून गेला. त्याच्या जागी ‘जेव्हा’ आला. मग तिनं मुद्दाम विखरून चालवलं, चूक मागवून घेतली, आणि ती वही घेऊन संगणक सांभाळणाऱ्यांकडे गेली. तोवर तिला कुणी दाद देत नव्हतं. वही पाहिल्यावर त्यांनी त्याच आठवड्यात डिस्कची मांडणी तपासली.

कुणी म्हणेल, एवढा वेळ कुणाकडे आहे? शोधनिबंधाची तारीख जवळ आलेली असते, तिसऱ्यांदा चाललं ना, मग पुढे जा. ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण जे चाललं ते बरोबरच चाललं हे कशावरून? मेटाडायनॅमिक्सचं थांबलेलं काम पुढे चालू करताना ते जुन्याचाच पुढचा भाग आहे हे प्लुमेडला कळलं नाही, तर ते जुनी हिल्स फाइल नाव बदलून बाजूला ठेवतं आणि शून्यापासून टेकड्या रचू लागतं. चूक म्हणून काही ओरडत नाही. सोबत्यांच्या फाइलींचा पत्ता चुकला असेल तर सिम्युलेशन एकट्याच्याच टेकड्यांवर चालत राहू शकतं. आलेख सुबक येतो, आकडे येतात, निबंध छापला जातो, आणि त्यावर विसंबून दुसरा कुणी तरी पुढचं काम सुरू करतो. म्हणून अडून बसणारी चूक मला परवडली. ती निदान दार तरी वाजवते. दार न वाजवता आत शिरलेलीला शोधणार कोण?

तेव्हा मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. ‘पुन्हा चालव’ म्हणण्याआधी ‘काय काय लिहून ठेवलंस?’ एवढं विचारा. लिहिलं नसेल तर रागावू नका, रकाने आखून द्या. आणि आपल्या मुलामुलींना सांगते, नोंद कोणत्याही भाषेत करा, मराठीत करा, उर्दूत करा, फक्त संदेशाचं एक अक्षरही आपल्या मनानं बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. चाललं तरी लिहा, कारण चाललेल्या खेपांशी ताडल्याशिवाय अडलेली खेप काही सांगत नाही.

शाळेत आम्ही निबंध शिकवतो, पत्रलेखन शिकवतो. पाहिलेली गोष्ट जशीच्या तशी लिहिणं मात्र क्वचितच शिकवतो. ‘मी पाहिलेला सूर्योदय’ या निबंधात मुलं सोनेरी किरणं लिहितात, सूर्य किती वाजता उगवला हे लिहीत नाहीत. पाचवीपासून आठवड्याला एक तास या लेखनाला द्यावा असं मला वाटतं. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो मागावा, आणि भाषेच्या शिक्षकांनी आनंदानं घ्यावा.