खडा निघाला, नळीचे काय?

उन्हाळा तापू लागला, की मूतखड्याचे रुग्ण वाढतात. घामावाटे पाणी जाते, तेवढे पोटात जात नाही, लघवी दाट होते आणि तिच्यातील क्षारांचे खडे बनतात. कमरेतून जांघेकडे उतरणारी ती कळ ज्याने एकदा सोसली, तो ती जन्मभर विसरत नाही. मात्र कळ थांबल्यावर उपचारांतील एक महत्त्वाची गोष्ट अनेकजण विसरतात. ती म्हणजे शरीरात ठेवलेली नळी, अर्थात डीजे स्टेंट.

पूर्वी मोठा खडा काढायचा तर कमरेवर लांबलचक छेद घ्यावा लागे. १९८० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपचार रुग्णावर प्रथमच झाला. आज लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने खड्याचा चुरा करता येतो. मूत्रपिंडातील मोठा खडा पाठीला लहानसे छिद्र पाडून काढता येतो. रुग्ण दोन-चार दिवसांत घरी जातो.

अशा शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीला सूज येते, खड्याचे कण अडकू शकतात. लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ, पोकळ नळी अनेकदा ठेवली जाते. तिची दोन्ही टोके वळलेली असतात, म्हणून ती जागची हलत नाही. ती असेपर्यंत वारंवार लघवी लागणे, लघवी करताना कमरेत दुखणे, थोडे रक्त दिसणे हे त्रास होऊ शकतात. थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे.

ही नळी तात्पुरती असते. बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत काढली जाते. त्यासाठी सहसा दुर्बिणीतून काही मिनिटेच लागतात. पण ती महिनोन्‌महिने आत राहिली, तर तिच्यावरच क्षारांचे थर चढतात. जी नळी खड्यावरच्या उपचारासाठी घातली, तिचाच खडा होतो. मग ती ओढून निघत नाही. पुन्हा शस्त्रक्रिया, कधी एकाहून अधिक, कराव्या लागतात. काहींचे मूत्रपिंड तोवर निकामी झालेले असते, आणि तेही फारशी कळ न येता.

रुग्ण विसरतो, यात त्याचा एकट्याचा दोष नाही. घरी सोडताना दिलेला कागद इंग्रजीत असतो. नळी ठेवली आहे, हे भुलीच्या गुंगीत कानावर पडलेले असते. हातावर पोट असलेल्याला पुन्हा शहरात येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. त्यात दुखणे थांबलेले असते.

म्हणून जबाबदारी रुग्णालयांनीच आधी घ्यायला हवी. प्रत्येक स्टेंटची नोंदवही, नळी काढण्याची तारीख ठळक मराठीत लिहिलेले कार्ड, नातेवाइकाला समोर बसवून दिलेली समज आणि तारीख उलटली की एक फोन. यातल्या कशालाही महागडे यंत्र लागत नाही. आरोग्य खात्याने हे सर्व रुग्णालयांना बंधनकारक करावे. आशाताईंकडे अशा रुग्णांची यादी गेली, तर गावपातळीवरचा पाठपुरावाही सोपा होईल.

वाचकांनीही एक काम आजच करावे. घरात कोणाची मूतखड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यांची फाइल उघडून पाहावी. तिच्यात ‘डीजे स्टेंट’ असा उल्लेख असेल आणि नळी काढल्याची नोंद नसेल, तर थेट डॉक्टरांना गाठावे. नळी आत आहे की नाही, हे साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसते. नळी निघेपर्यंत मूतखड्याचा उपचार पूर्ण झाला, असे समजू नये.