रंगवलेले पिलू

महाराष्ट्रातला पाऊस आवरता घेतो तेव्हा चेन्नईचा खरा पाऊस सुरू होतो. गेल्या मार्गशीर्षातल्या अशाच एका ओल्या संध्याकाळी, ट्रिप्लिकेनमधील आमच्या घराच्या खालच्या बिऱ्हाडातली आठ वर्षांची मुलगी हातात रुमालाचे गाठोडे घेऊन दारात उभी राहिली. गाठोड्यात कोंबडीचे पिलू होते. तेही चक्क जांभळे. दारात त्याचा पाय चेंगरला होता. "मामा, मी पुष्कळ पाणी पाजलं, तरी ते डोळे मिटतंच आहे," असे तिने रडवेल्या तमिळमध्ये सांगितले.

अशी रंगवलेली पिले आपल्या देशातील अनेक शहरांत रस्त्यावर विकावयास येतात. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या उबवणीकेंद्रांत पहिल्याच दिवशी नर-मादी निवडतात. नर अंडी देत नाही आणि या जातीत त्याच्या अंगी मांसही लवकर भरत नाही; म्हणून तो निरुपयोगी ठरतो. त्याला रंग फासून थोड्या पैशांत मुलांच्या हाती दिले जाते. आईच्या पंखाखालची ऊब त्याला कधी लाभलेलीच नसते.

मी प्रथम रुमाल सोडला. पक्ष्याच्या छाती व पोट यांमध्ये आपल्यासारखा पडदा नसतो. छातीचे हाड खालीवर हलले तरच श्वास चालतो. त्यामुळे मायेने आवळून धरलेले पिलू गुदमरू शकते. पाण्याचेही तसेच. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या बुडाशीच असल्याने चोचीत ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. चोचीचे टोक तेवढे पाण्याला लावावे, गिळायचे की नाही ते पिलावर सोडावे. नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या पोटात अंड्यातील बलकाचा साठा दोन-तीन दिवस पुरेल इतका असतो; तेव्हा पहिल्या रात्री खाऊ घालण्याची घाई नको. जखमी पिलाला आपल्या घाबरेपणाचाच उपद्रव अधिक होतो, असे माझे मत त्या रात्री बनले.

त्याला खरी गरज असते उबेची. पहिल्या आठवड्यात पिलाभोवती सुमारे ३५ अंश सेल्सियस उष्णता हवी. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी उतरवावी. चेन्नईत मे महिन्यातील दुपारी ही सोय सूर्यच करतो, पण पावसाळी रात्री नाही. पूर्वी खोक्यावर चाळीस वॅटचा दिवा टांगला की भागत असे. आताचे एल.ई.डी. दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ देतच नाहीत! आम्ही गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कोपऱ्यात ठेवली आणि दुसरा कोपरा मोकळा सोडला. पिलू बाटलीला चिकटून चिवचिवत राहिले तर त्याला थंडी वाजते आहे असे समजावे. चोच उघडी टाकून, पंख पसरून दूर गेले तर उकडते आहे. खोक्यात वर्तमानपत्र मात्र अंथरू नये (हे छापील मजकुरावर पोट भरणाऱ्याने सांगावे हे जरा चमत्कारिकच). गुळगुळीत कागदावर कोवळे पाय फाकतात. जुना खरखरीत टॉवेल बरा.

जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुतली. लिटरभर पाण्याला दोन सपाट लहान चमचे मीठ. मग पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावले. हळद दाबून भरण्याचा सल्ला वरच्या मजल्यावरून आला होता, तो आम्ही नम्रपणे नाकारला; पुडीखाली जखम चिघळते की सुकते ते दिसत नाही. माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. घरात दुसरी पिले असल्यास जखमी पिलू वेगळे ठेवावे. लाल रंग दिसला की ती तेथेच टोचत राहतात.

पायाचे हाड मोडले होते आणि ते काम आपले नव्हे, हे उघड होते. सकाळी आम्ही वेपेरीला गेलो. तेथील पशुवैद्यक महाविद्यालय १९०३ सालचे. गाई-म्हशींच्या आणि कुत्र्यांच्या गर्दीत जांभळ्या पिलाकडे कोणी हसून पाहिले नाही, याचे मला बरे वाटले. डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपला. मांडीचे हाड मोडले असते तर बाहेरून आधार देणे कठीण, आणि पोट फाटले असते तर यातना थांबवणे हीच दया ठरली असती, हे त्यांनी मुलीलाच समजावून सांगितले. तिने माझे बोट घट्ट धरले. सुदैवाने मोड खालच्या नळीला होती. गूल काढलेल्या आगकाडीचे दोन तुकडे, त्यांखाली कापूस आणि वर कागदी चिकटपट्टी, एवढ्यावर काम झाले. बोटे सुजली किंवा गार पडली तर पट्टी तत्काळ सैल करावी, आणि पिलाचा पाय रोज वाढतो म्हणून दर तीन-चार दिवसांनी ती नव्याने बांधावी, असे त्यांनी बजावले. पिलाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. त्याचे मुके घेऊ नयेत. हे शेवटचे पथ्य आमच्या मुलीला सर्वांत जड गेले.

तिसऱ्या आठवड्यात पट्टी निघाली. जांभळी लव गळून पांढरी पिसे आली, तेव्हा "हे माझं नव्हे" म्हणून ती अर्धा तास रुसली होती. पाय किंचित तिरपा राहिला. पुढे साहेब पहाटे चारला आरवू लागले, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्यावर त्यांची रवानगी चेंगलपट्टूला, तिच्या आजीच्या परसात झाली.