कोड सर्वांचा, निर्णय कोणाचा?

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमचा कोड खुला असतो, म्हणून त्यात कोणीही हवा तो बदल करू शकतो, असा एक समज आहे. स्वतःच्या संगणकापुरते ते खरे आहे. मात्र लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये एक ओळ बदलायची झाली, तरी ती सर्वांसमोर मांडावी लागते. त्या विभागाचा मेंटेनर, म्हणजे देखभालकर्ता, ती तपासतो, हरकती घेतो, अनेकदा परतही पाठवतो. मान्य झालेला बदल टप्प्याटप्प्याने वर जात अखेरीस लिनस टोरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोहोचतो. नवी आवृत्ती साधारणतः नऊ ते दहा आठवड्यांनी निघते आणि नव्या सुविधा त्यांपैकी पहिल्या दोन आठवड्यांतच स्वीकारल्या जातात.

डेबियनची व्यवस्था वेगळी आहे. या प्रकल्पाने 1998 मध्ये स्वतःची लिखित घटना स्वीकारली. त्याचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो आणि सदस्य ठराव करून त्याचा निर्णय फिरवूही शकतात. मात्र मताचा अधिकार मिळवण्यासाठी आधी काम करून दाखवावे लागते. एकीकडे विश्वासाची उतरंड, दुसरीकडे निवडणूक. पण दोन्हीकडे अधिकार येतो तो दीर्घकाळ केलेल्या कामातूनच.

बेंगळूरूला हे नवे नाही. 'लिनक्स बँगलोर' ही परिषद 2001 मध्ये येथेच सुरू झाली आणि पुढे 'फॉस डॉट इन' या नावाने ओळखली गेली. माहिती बदलली जात असतानाही ती कुलूप न लावता वाचू देणारी 'आरसीयू' ही यंत्रणा 2002 मध्ये कर्नलच्या 2.5.43 या आवृत्तीत आली. त्यामागे आयबीएमच्या बेंगळूरू प्रयोगशाळेतील दीपंकर सरमा यांचे काम होते. तेव्हा गुणवत्तेला येथून वाट नाही, असे म्हणता येत नाही.

तरीही देशात 'स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम'ची चर्चा होते, तेव्हा लक्ष नव्या नावावर आणि उद्घाटनावर खिळते. सी-डॅकची 'बॉस' डेबियनवर उभी आहे. म्हणजे डेबियनमध्ये होणाऱ्या निर्णयांचे पडसाद तिच्यापर्यंतही येतात. त्या निर्णयांच्या जागी आपली माणसे किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

ऑक्टोबर 2024 मध्ये निर्बंधांच्या कायद्याचे कारण देऊन रशियाशी संबंधित काही मेंटेनरांची नावे कर्नलच्या यादीतून वगळण्यात आली. कामाने मिळवलेली जागा राजकारणाने जाऊ शकते, हे त्यातून दिसले. मग परक्या प्रकल्पात कष्ट कशाला, असा आक्षेप येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. पण कोड उचलून स्वतंत्र शाखा काढण्याचा हक्क परवाना देतो. ती शाखा सांभाळणारी माणसे तो देत नाही. ती माणसे इतरांचे बदल वर्षानुवर्षे तपासूनच घडतात.

म्हणून कंपन्यांनी तपासणीचा वेळ कामाचा वेळ मानावा, विद्यापीठांनी स्वीकारल्या गेलेल्या बदलाला प्रकल्पाइतके गुण द्यावेत आणि सरकारी निधी देखभालीलाही मिळावा. विद्यार्थ्यांनीही पहिला बदल परत आला म्हणून खचू नये. कर्नलमध्ये तो परत येणे हीच शिकण्याची सुरुवात असते. तंत्रज्ञानातील स्वातंत्र्य अशा न दिसणाऱ्या, न संपणाऱ्या देखभालीवरच टिकते.