नवरदेवाची सुट्टी

दिल्लीला बदली झाली आणि पहिल्याच १६ डिसेंबरला मी हुमायून रोडवर गेलो. तिथं १९५६ साली बांधलेलं ज्यूडाह ह्याम सिनगॉग आहे आणि शेजारी ज्यूंचं छोटं कब्रस्तान. १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीतले आपले लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब तिथं विसावले आहेत. सॅल्यूट करून निघालो, तर एका वयस्कर गृहस्थांनी अस्खलित मराठीत विचारलं, "कुठले तुम्ही? आम्ही अलिबागकडचे."

ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. एनडीएचे एके काळचे कमांडंट अ‍ॅडमिरल सॅमसन याच समाजातले, हे मला त्या दिवशी कळलं.

बोलता बोलता ते म्हणाले, "आमच्या तोरात नव्या नवरदेवाला वर्षभर सैन्यात नेत नाहीत. त्यानं घरी राहून बायकोला आनंदात ठेवायचं."

मी हसलो. परतताना मात्र एक जुना अर्ज आठवला.

मी कंपनी कमांडर होतो. लग्नाला गेलेल्या एका जवानानं दहा दिवस सुट्टी वाढवून मागितली. मी नाही म्हटलं. तो वेळेवर हजर झाला, मी त्याची पाठ थोपटली. त्यानंतर सात महिने त्याला घर दिसलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा कंपनीत माणसं कमी नव्हती. मला फक्त माझा सुट्टीचा तक्ता बिघडवायचा नव्हता.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचलं. ज्यूंच्या लग्नात 'केतुबा' नावाचा करार होतो. नवऱ्याची बायकोप्रति असलेली कर्तव्यं त्यात लिहितात, त्यावर साक्षीदार सह्या करतात. नवऱ्यानं किती दिवस दूर राहावं, याचाही हिशेब मिश्नात धंद्याप्रमाणे आहे: गाढवं हाकणाऱ्यानं आठवड्यातून एकदा बायकोजवळ असावं, उंटवाल्यानं तीस दिवसांतून, खलाशानं सहा महिन्यांतून. गाढवं सोडून उंट धरायचे, तर बायकोला विचारल्याशिवाय नाही. तिचं म्हणणं असू शकतं की पैसा कमी चालेल, पण माणूस घरात हवा.

हे शास्त्र भाबडं नाही. युद्ध टाळता येणारं नसेल, तर नवरदेवानंही लग्नघरातून उठून निघायचं, असंही त्यात सांगितलंय. सूट आहे ती बाकीच्या वेळेसाठी. आपण नेमकी इथंच गफलत करतो. युद्धकाळाचा नियम शांततेतल्या प्रत्येक फाइलला लावतो आणि वर 'देश आधी' म्हणतो. मी स्वतः पीस पोस्टिंगमध्ये रात्री नऊला घरी येतो. त्यात देशाचा वाटा किती आणि माझ्या सवयीचा किती, हे सौभाग्यवती बरोबर सांगेल.

माझं मत एवढंच: सीमेवरची ताटातूट हा आपल्या नोकरीचा भाग आहे, पण तिचं कौतुक करून घेऊ नये. ते कर्ज आहे आणि ते आपल्या बायकांच्या खात्यातून काढलेलं आहे. जिथं फेडता येईल तिथं फेडावं. जो अधिकारी सुट्टीच्या अर्जावर सही करतो, तो या कर्जाला जामीन असतो.

ज्यूंची आणखी एक शिकवण मला टोचली. माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय प्रायश्चित्ताचा दिवसही तो धुऊन काढत नाही. गेल्या आठवड्यात मी त्या जवानाला फोन लावला. तो आता निवृत्त आहे. "विसरा हो साहेब," तो म्हणाला.

मी म्हटलं, "वहिनींना फोन दे."

मी माफी मागितली. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "साहेब, ते दहा दिवस माझ्या अजून ध्यानात आहेत."

जय हिंद.