शिधा धान्याचाच असावा

धान्याच्या व्यापारात असलेल्या मंडळींत अलीकडे एक मत वारंवार ऐकू येते. सरकारने रास्त भावाची दुकाने बंद करावीत, गोरगरिबांच्या खात्यात रोख रक्कम जमा करावी आणि ज्याने त्याने आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घ्यावे, असे ते मत होय. तसे घडल्यास आज सरकारी गोदामांतून वाटली जाणारी लक्षावधी पोती आमच्या पेढ्यांवरून जातील, हे उघड आहे. आम्हीही घाऊक धान्याचेच व्यापारी असल्याने हा लाभ आम्हांस कळत नाही असे नव्हे. तथापि आमचे मत याच्या विरुद्ध असून ते व्यापारी बंधूंपुढे ठेवणे आम्हांस इष्ट वाटते.

भारतीय अन्न महामंडळाची स्थापना 1965 साली झाली. त्या सुमारास देशाची भिस्त अमेरिकेतून बोटींनी येणाऱ्या गव्हावर होती. शेतकऱ्यांकडून हमीभावाने धान्य घ्यावे, ते गोदामांत राखावे आणि राज्यांस पुरवावे, हे या महामंडळाचे मुख्य काम. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील 75 टक्के व शहरी भागातील 50 टक्के लोकांपर्यंत या शिध्याचा हक्क पोहोचला. दरमहा माणशी 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबास 35 किलो हे त्याचे प्रमाण असून जानेवारी 2023 पासून हे धान्य विनामूल्य दिले जाते.

या व्यवस्थेचे मोल 2020 च्या टाळेबंदीत सर्वांच्या प्रत्ययास आले. हमाल गावी गेले, मालमोटारी वाटेत अडकल्या, रोजंदारीवरच्या माणसाची मिळकत एका दिवसात थांबली. अशा वेळी एप्रिलपासून सुमारे 80 कोटी लोकांस माणशी 5 किलो जादा धान्य फुकट देण्याची योजना सुरू झाली आणि मधला अल्प खंड वगळता ती 2022 च्या अखेरपर्यंत चालली. गोदामे अगोदरच भरलेली होती म्हणूनच हे शक्य झाले. कोणतीही खासगी पेढी एवढा माल केवळ संकटाच्या आशंकेने पाडून ठेवणार नाही. व्याज आणि गोदामभाडे यांतच ती बुडेल. तोटा सोसून साठा राखणे हे सरकारचेच काम होय.

रोख रकमेचा अनुभव तर आपल्या कर्नाटकास दूरचा नाही. 2023 च्या जुलैपासून अन्नभाग्य योजनेतील जादा 5 किलो तांदळाऐवजी किलोस 34 रुपये, म्हणजे माणशी 170 रुपये, कुटुंबप्रमुखाच्या खात्यात जमा होऊ लागले. वाढीव तांदूळ केंद्राकडून मिळेना म्हणून हा मार्ग काढण्यात आला होता. बऱ्या प्रतीचा सोना मसुरी तेव्हा किरकोळ दुकानात त्या भावाने मिळत नव्हता, हे आपणांस सांगावयास नको. भाव चढला तरी रक्कम तीच राहिली. पाच किलो धान्य हे भाव कितीही चढला तरी पाच किलोच असते; 170 रुपयांचे तसे नाही. अखेरीस फेब्रुवारी 2025 पासून सरकारने रोख थांबवून पुन्हा तांदूळ देण्यास आरंभ केला.

रोखीचे समर्थक यावर अमेरिकेचे उदाहरण देतात. तेथे शेतकी खात्याच्या योजनेतून गरजूंस कार्ड मिळते व ते मान्यताप्राप्त साध्या दुकानांत चालते, हे खरे. परंतु त्या कार्डावर खाद्यपदार्थच घेता येतात; त्यावरील रक्कम ठराविक खाद्यपदार्थांच्या किमतीशी बांधलेली असून दरवर्षी फेरआकारली जाते; आणि कार्डाच्या बदल्यात रोख देणाऱ्या दुकानदाराची मान्यता काढून घेतात. हे तिन्ही निर्बंध वगळून नुसत्या ‘रोखी’चे गोडवे गाणे म्हणजे हिशेबाची एकच बाजू वाचण्यासारखे आहे.

आमच्या शिधाव्यवस्थेत दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. 2015 च्या शांताकुमार समितीने गळतीवर कठोर बोट ठेवले व क्रमाक्रमाने रोखीकडे वळण्याची शिफारसही केली. आमच्या भागाचे खाणे ज्वारीचे. वाटपात भर मात्र तांदळाचा. नको असलेला तांदूळ मग लोक विकून टाकतात. पण तो कोणीतरी विकत घेतो म्हणूनच विकला जातो, आणि तो घेणारा शेवटी कोणी ना कोणी धान्यव्यापारीच असतो. गळतीबद्दल सरकारला बोल लावताना ही गोष्ट आपण दृष्टीआड करू नये.

शिध्यामुळे आमचा व्यापार बुडाला, हेही खरे नाही. माणशी 5 किलो म्हणजे दिवसाला अदमासे 165 ग्रॅम. त्यावर कष्टकऱ्याचे पोट भरत नाही. त्याला तूर, हरभरा, गोडेतेल, आणखी ज्वारी आमच्याच बाजारातून घ्यावी लागते. पोटाची निम्मी काळजी मिटलेले गिऱ्हाईकच डाळीचे चार पैसे हाती राखू शकते.

सबब संघाने येत्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव करावेत अशी आमची सूचना आहे. पहिला, उत्तर कर्नाटकातील शिध्यात ज्वारीचे प्रमाण वाढवावे व त्यासाठी हमीभावाने खरेदी वाढवावी, अशी मागणी सरकारकडे करण्याचा. दुसरा, शिध्याचा तांदूळ कोणाही सभासदाने कोणत्याही भावाने घेऊ नये व घेतल्यास त्याचे सभासदत्व रद्द व्हावे, असा. पहिल्या ठरावास कोणी विरोध करील असे वाटत नाही. दुसऱ्यावर मात्र हात वर करून मतदान व्हावे.